स्वस्त लॅपटॉप, ऑनलाइन विक्रेते आणि ‘१.१ टीबी’ची गोम

कागदी_होडी

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा लवकर हवा आहे. माझ्या लॅपटॉपची डावी बिजागरी तुटली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून स्क्रीनच्या पाठीला एक जाडा शब्दकोश टेकवून काम चालू होतं. काल नेमका तोच शब्दकोश उघडायची वेळ आली. उचलला, आणि स्क्रीन धाडकन मागे आडवी. आता तिच्यावर उभ्या रेघा आहेत.

काम भाषांतराचं. वर्ड, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब आणि भाषांतराचं एक सॉफ्टवेअर, जे फक्त विंडोजवर चालतं. बजेट अगदी बेताचं. बघून बघून दोन बाजूला काढलेत. साइट एकच, विक्रेते वेगळे, किंमत जवळपास सारखी.

पहिला नवा. शीर्षक जसंच्या तसं देते: ‘१४ इंची एचडी स्लिम लॅपटॉप, इंटेल ड्युअल कोअर २.८ गिगाहर्ट्झपर्यंत, ८ जीबी रॅम, १.१ टीबी स्टोरेज, विंडोज ११ एस मोड, ऑफिस १ वर्ष मोफत’. ४.३ तारे आहेत.

दुसरा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला: ‘बिझनेस लॅपटॉप, कोअर आय७, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११ प्रो, अगदी नव्यासारखा’.

मला पहिला बरा वाटतोय. नवा तो नवा, शिवाय १.१ टीबी. घेऊ का?

सुटा_स्क्रू

ताई, थांबा. बटण दाबू नका.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो, अकरा वर्षं झाली. ‘फसवलं हो’ म्हणत येणारे पुष्कळ असतात. मी त्यांना आधी ऑर्डरचं पान उघडायला सांगतो, आणि बहुतेक वेळा त्यात एकही शब्द खोटा नसतो. खोटं लिहिलं तर माल परत घ्यावा लागतो, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो खरंच लिहितो, पण तुम्ही ते चुकीचं वाचाल अशा बेताने.

तुमचं शीर्षकच घ्या. १.१ टीबी. त्याच पानावर खाली तपशिलाचा तक्ता असेल, तिथे हार्ड डिस्कसमोर काय लिहिलंय बघा. पैज लावतो, ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे स्वस्त लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी लावतात ती साठवणीची चिप. उरलेला १ टीबी म्हणजे त्या ऑफिसबरोबर वर्षभर मिळणारी क्लाउडवरची जागा. १०२४ अधिक ६४, झाले १०८८, म्हणजे १.१ टीबी. वर्ष संपलं की ऑफिसही गेलं आणि टेराबाइटही. काही महाभाग तर स्लॉटमध्ये मेमरी कार्ड खोचून तेही बेरजेत धरतात.

आता ६४ जीबी म्हणजे काय, तर विंडोज ११ साठी किमान एवढी जागा हवी असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. म्हणजे विंडोजला बसायला जागा मिळाली, पाय पसरायला नाही. मोठा अपडेट आला की तुम्ही फायली पुसत बसणार. आणि ईएमएमसी ही बोर्डावर डाख दिलेली असते. एसएसडीसारखी स्क्रू काढून बदलता येत नाही. ती गेली की बोर्ड गेला, आणि या वर्गाच्या लॅपटॉपचा बोर्ड बदलणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

‘२.८ पर्यंत’ मधल्या ‘पर्यंत’वर बोट ठेवा. तो वेग थोडा वेळ गाठायचा असतो. तक्त्यात प्रोसेसर म्हणून सेलेरॉन एन४०२० निघाला तर मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ, कोअर दोन. २०१९ च्या शेवटी आलेली चिप आहे ती.

‘एचडी’ म्हणजे १३६६ बाय ७६८. फुल एचडी असती तर ‘फुल’ शब्द आधी लिहिला असता, कोण सोडतो? तुम्हाला मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी शेजारी उघडायचं, तिथे या स्क्रीनवर दोन्ही खिडक्या गुदमरणार.

एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप चढतात. तुमचं सॉफ्टवेअर तिथे नसेल तर ते चढणारच नाही. हे एक मात्र निस्तरता येतं. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, फक्त परत आत जाता येत नाही. जायचंय कुणाला म्हणा.

कागदी_होडी

पैज जिंकलात. ६४ जीबी ईएमएमसी, सेलेरॉन एन४०२०. तक्ता इतका खाली होता की तिथवर मी पोचलेच नव्हते.

आणखी एक गंमत दिसली. चांगल्या अभिप्रायांत तिघांनी ‘कीबोर्डचा दिवा मस्त’ म्हटलंय. या मॉडेलला कीबोर्डचा दिवाच नाही! एकाने तर १७ इंची स्क्रीनचं कौतुक केलंय.

सुटा_स्क्रू

एकाच पानावर पाच-सहा मॉडेल ‘व्हेरिएंट’ म्हणून टांगलेली असतात आणि तारे सगळ्यांचे एकत्र मोजले जातात. चांगल्या भावंडाच्या पुण्याईवर नालायक भाऊ विकला जातो. अभिप्रायाशेजारी बारीक अक्षरात कोणतं व्हेरिएंट ते असतं, तेवढेच वाचा. आणि तारे वस्तूचे वेगळे, विक्रेत्याचे वेगळे. ‘विक्रेता’ या शब्दापुढच्या नावावर टिचकी मारा. महिन्यापूर्वी उघडलेलं खातं, आधीचे सगळे अभिप्राय मोबाइल कव्हरचे, आणि आता अचानक लॅपटॉप, असं दिसलं तर मी त्या वाटेला जात नाही. माल साइटच्या गोदामातून येतो म्हणजे साइट जबाबदार, असाही अनेकांचा समज असतो. गोदाम साइटचं, माल विक्रेत्याचा.

दुसऱ्या लॅपटॉपबद्दल विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: आय७ कोणत्या जनरेशनचा? पूर्ण नंबर मागा. नुसतं ‘आय७’ म्हणजे नुसतं ‘बीए झालेला’. कधी झाला, कशात झाला?

साडेसातवा_मजला

मी नव्याच्या बाजूचा, पण नव्यातही एक खोड असते ती सांगतो. मी ‘१६ जीबी, ५१२ जीबी’ असा नवा लॅपटॉप मागवला होता. खोकं आलं. त्यावर कंपनीच्या चिकटपट्टीवर दुसरी साधी पारदर्शक पट्टी. खोक्याच्या बाजूच्या लेबलवर छापलेलं: ४ जीबी, १२८ जीबी. म्हणजे विक्रेत्याने खोकं उघडून आतले भाग बदलून पुन्हा बंद केलेलं. लॅपटॉप उलटा केला तर मागच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या, आणि एक स्क्रू गायब.

रॅम खरोखर १६ निघाली, नाही असं नाही. पण कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी ४ आणि १२८ वाल्या मॉडेलची, तीही चार महिन्यांपूर्वी सुरू झालेली. घातलेल्या भागांची हमी विक्रेत्याची. तो विक्रेता आता त्या साइटवर सापडत नाही.

एएमडीची ७००० मालिकेतली प्रोसेसर चिप बघत असाल तर नंबरातला तिसरा अर्थपूर्ण आकडा बघा, म्हणजे रायझन ५ ७५२०यू मधला २. पहिल्या ७ मुळे नवी चिप वाटते, पण तो २ सांगतो की आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ ची. ७५३०यू मध्ये तिथे ३ आहे, झेन ३.

सुटा_स्क्रू

साडेसातवे, ‘तिसरा अर्थपूर्ण’ काय, सरळ तिसरा म्हणा की! बाकी सगळं बरोबर. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकणं हे पहिल्या दहा मिनिटांतलं काम. कधी कधी वॉरंटी भलत्याच देशातली निघते.

कागदी_होडी

विक्रेत्याशी झालेला संवाद देते.

मी: आय७ कोणत्या जनरेशनचा?
तो: आय७ टॉप मॉडेल आहे मॅडम.
मी: पूर्ण नंबर?
तो: हाय स्पीड. ऑफर आज रात्रीपर्यंत.
मी: नंबर सांगा, नाहीतर राहू द्या.
तो (दोन तासांनी): ६६००यू.

सुटा_स्क्रू

पहिला आकडा ६, म्हणजे सहावी जनरेशन, २०१५ ची. आणि आय७ असूनही कोअर दोनच. २०१७ च्या आय५-८२५०यू ला चार आहेत.

खरी मेख पुढे आहे. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासूनची चिप मान्य आहे. सहाव्यावर ‘विंडोज ११ प्रो’ टाकलंय म्हणजे तपासणी चुकवून घुसवलंय. आज चालेल, पुढच्या मोठ्या अपडेटची मात्र खात्री नाही. विंडोज १० वर परत जाऊ म्हणाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

माझं मत: तुमच्या कामाला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉपच घ्या, पण आठव्या जनरेशनचा आय५, फुल एचडी. त्यांची बिजागरी धातूची असते आणि रॅम, एसएसडी, बॅटरी बहुतेकदा बदलता येते. नवाच हवा असेल तर निदान इंटेलचा एन१०० प्रोसेसर तरी असू द्या, तो २०२३ चा आणि चार कोअरचा आहे, आणि सोबत एसएसडी बघा, ईएमएमसी नको.

उंबरठ्यावर

रिफर्बिश्ड घेताय म्हणून सांगते. मी भाच्यासाठी असाच घेतला. तीन आठवडे झकास चालला. मग त्याने काहीतरी बिघडवलं आणि रीसेट मारला. वायफाय जोडल्याबरोबर स्क्रीनवर कुठल्याशा कंपनीचं नाव, स्वागत, आणि ‘ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा’. दोनदा पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं. दोन्ही वेळा तेच स्वागत. भाचा म्हणाला, मावशी, मला नोकरी लागली वाटतं.

सुटा_स्क्रू

ऑटोपायलट. कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावावर नोंदवून ठेवतात. ती नोंद लॅपटॉपमध्ये नसते, तिकडे असते. म्हणून विंडोज कितीदाही टाका, नेट जोडलं की मूळ मालक हजर. सोडवू शकते ती फक्त तीच कंपनी. विक्रेत्याने नेट न जोडता विंडोज टाकून दिलं की त्याच्याकडे काहीच दिसत नाही.

म्हणून कागदी_होडी, आला की पहिल्याच दिवशी रीसेट करा, वायफाय जोडून. एकही फाइल टाकण्याआधी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरताना पासवर्ड मागतो का तेही बघा. मागितला तर परत.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत द्या. एक पान तयार होतं. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्ज क्षमता असते. त्यानंतर ‘एसएलएमजीआर स्लॅश एक्सपीआर’. विंडोज कायमचं ॲक्टिव्हेट आहे असं आलं तर ठीक. तारीख दाखवली तर ते कंपन्यांच्या सामाईक परवान्यावरचं असतं, एकदाचं ॲक्टिव्हेशन १८० दिवस पुरतं. विक्रेता सहा महिन्यांनी तुमचा फोन उचलेल का, हे तुम्हीच ठरवा.

खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या, सिरियल नंबर दिसेल असा. आणि ऑर्डर देण्याआधी परतीची अट वाचा. ‘फक्त बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत’ यांत पुष्कळ अंतर आहे.

कागदी_होडी

तीन आठवड्यांनी येतेय, राग नसावा.

आय५-८२५०यू, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी, फुल एचडी असा रिफर्बिश्ड मागवला. व्हिडिओ घेतला, एका हातात फोन आणि दुसऱ्यात कात्री, त्यामुळे व्हिडिओत मुख्यतः माझा अंगठा आहे. रीसेट केला, कुणाचंही स्वागत नाही. विंडोज कायमचं. आणि बॅटरी: मूळ ५०,००० मिलीवॉट-तास, आताची २६,०००. पानावर लिहिलं होतं ‘किमान ८० टक्के’.

साइटवर ‘परत’चं बटण दाबलं. तासाभरात विक्रेत्याचा फोन! अतिशय गोड आवाज. ताई, रिटर्न रद्द करा, नवी बॅटरी कुरिअरने पाठवतो, तुमचाच त्रास वाचेल. खरं सांगते, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग म्हटलं, हेच साइटच्या चॅटमध्ये लिहून द्या. तर फोन कट.

सुटा_स्क्रू

वाचलात. रिटर्न एकदा रद्द केला आणि मुदत टळली की साइटच्या लेखी तुमची तक्रार उरत नाही. जे बोलायचं ते साइटच्या आतच.

पुढे?

कागदी_होडी

पैसे परत आले, पण नऊ दिवस लागले. मग दुसऱ्या विक्रेत्याकडून तेच मॉडेल घेतलं. बॅटरी ४३,०००. बाकी सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे तपासलं, ठीक आहे. झाकणावर कुणाच्या तरी ऑफिसचं स्टिकर खरवडल्याची खूण आहे, ती चालेल.

एकच कटकट. मराठी टाइप करायला मी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरते, ल आणि ळ एकाच कळीवर, आणि तीच कळ जरा जोरात दाबावी लागते. वरचा ‘मागवला’ दोनदा ‘मागवा’ झाला होता. परत करण्याइतकं आहे का हे?

सुटा_स्क्रू

नाही. खाली चुरा अडकला असेल. लॅपटॉप बंद करून उलटा धरा आणि पाठीवर हलक्या टिचक्या मारा. तोंडाने फुंकू नका, वाफ आत जाते. आणि काही झालं तरी कळ उचकटू नका, तिच्याखाली प्लास्टिकची बारीक कात्री असते, ती मोडली की मग माझ्यासारख्याकडे यावं लागतं.