एकच मेल आयडी चार ठिकाणी लावलाय. सकाळी दिसलेला मेल दुपारी गायब

दिंडोरी_पॅकहाउस

नमस्कार मंडळी. द्राक्षाचा सीझन ऐन भरात आहे आणि आमच्या मेलने घोळ घातलाय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दिंडोरीजवळ आमचं छोटं पॅकहाउस आहे, ऑफिस नाशिकला आडगाव नाक्यापाशी. गेल्या सीझनपर्यंत सगळा पत्रव्यवहार साध्या जीमेलवर चालायचा. बाहेरच्या खरेदीदाराने कंपनीच्या नावाचा मेल असू द्या म्हणून सांगितलं, तेव्हा दिवाळीनंतर डोमेन (कंपनीच्या नावाचा इंटरनेट पत्ता) आणि होस्टिंग (मेल ठेवायला भाड्याची सर्व्हरवरची जागा) घेतलं आणि ‘एक्स्पोर्ट’ नावाने एक आयडी काढला. तो चार ठिकाणी लावला आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुक, जे आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, बघतात. माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्ड. मिस्टरांचा आयफोन. आणि पॅकहाउसच्या सुपरवायझरच्या अँड्रॉइडवर जीमेलचं अ‍ॅप. आउटलुक ओळखीच्या एका मुलाने लावून दिलं, बाकीचं आम्हीच केलं.

मंगळवारी सकाळी सातला मिस्टरांनी बागेत उभं राहून फोनवर बीएलचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा (बिल ऑफ लेडिंग), ड्राफ्ट पाहिला. पत्त्यात एक चूक दिसली, ऑफिसला जाऊन कळवू म्हणाले. अकराला पोचलो तर मेल फोनवर नाही, माझ्याकडे नाही, ट्रॅशमध्येही नाही. शेवटी आप्पांच्या आउटलुकमध्ये सापडला. दुरुस्ती वेळेत गेली, पण ते दोन तास कसे गेले ते मलाच माहीत. हे रोजचं झालंय.

शिवाय आयफोनवर मेल येतो, पण जात नाही. ‘रिलेइंग’ला परवानगी नाही असं काहीतरी म्हणतो. आणि कालपासून तर ऑफिसमध्ये ना आउटलुक जोडलं जातंय ना थंडरबर्ड. पासवर्ड दहा वेळा टाकून पाहिला. कुणी नीट सांगाल का? कंटेनर रोज निघतायत, मेल बंद ठेवून चालणार नाही.

सातपूर_नेटवर्क

ताई, मी अठरा वर्षं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हेच काम करतो. तुमचा मेल हरवत नाहीये, आप्पांचं आउटलुक तो सर्व्हरवरून उचलून नेतंय. त्या मुलाने अकाउंट ‘पॉप’ने लावलं असणार. पॉप म्हणजे पोस्टाच्या पेटीतून पत्रं काढून घरी नेणं. पेटी रिकामी झाली की बाकीच्यांना काय दिसणार? तुमचे फोन आणि थंडरबर्ड ‘आयमॅप’वर असतील. ते सर्व्हरवर जे आहे तेच दाखवतात, म्हणून तिथून मेल गेला की फोनवरूनही जातो.

आउटलुकमध्ये सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला तरी त्याच्याखाली 14 दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका अशी खूण सहसा आधीच केलेली असते. लोकांना वाटतं प्रश्न सुटला, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा बोंब. एक आयडी जिथे दोनपेक्षा जास्त माणसं बघतात तिथे पॉप नकोच. चारही ठिकाणी आयमॅप लावा.

पण थांबा, आप्पांचं अकाउंट लगेच काढू नका! दिवाळीपासूनचे मेल फक्त त्या कॉम्प्युटरवर आहेत. डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘पीएसटी’ फाइल असेल, आउटलुकने उतरवलेले मेल तिच्यातच साठतात. आउटलुक पूर्ण बंद करून तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. जुन्या अकाउंटचा प्रकार पॉपवरून आयमॅपवर बदलता येत नाही, नवीनच जोडावं लागतं. जोडताना मेल आयडी टाकला की खाली स्वतः सेटिंग करण्याची खूण करा, नाहीतर आउटलुक आपल्या मनाने काहीतरी निवडून बसतं.

मग रकाने असे भरा. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट 993, एन्क्रिप्शनच्या (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणूनच्या कुलपाच्या) रकान्यात एसएसएल. जाणाऱ्यासाठी एसएमटीपी, पोर्ट 465 ला एसएसएल किंवा 587 ला स्टार्टटीएलएस. पोर्ट आणि एन्क्रिप्शनची जोडी चुकवू नका, निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. यूजरनेम म्हणजे पूर्ण मेल आयडी, नुसतं ‘एक्स्पोर्ट’ नव्हे. सर्व्हरचं नाव होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये (होस्टिंगची सेटिंग्ज बदलायच्या पानावर) त्या आयडीपुढच्या ‘कनेक्ट डिव्हायसेस’मध्ये लिहिलेलं असतं, तेच घ्या. सर्टिफिकेट जुळत नाही अशी सूचना आली तर डोळे झाकून ‘ट्रस्ट’ दाबू नका. बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं.

आयमॅप जोडून झालं की जुन्या पीएसटीमधले मेल निवडून नव्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये ओढा. ते सर्व्हरवर चढतात आणि चौघांनाही दिसतात. एकदम हजारो ओढू नका, महिन्यामहिन्याने घ्या, आणि आधी मेलबॉक्सची जागा किती आहे ते बघा. फायटो (पीक रोग-कीडमुक्त असल्याचा दाखला) आणि रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशांची तपासणी) यांच्या पीडीएफ बऱ्याच असतील. हे सगळं होईपर्यंत नवीन आउटलुकचं बटण सुरू करू नका. ते तुमचं अकाउंट मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून चालवतं, आणि जुन्या आउटलुकमध्ये जितकं हाताने करता येतं तितकं तिथे मिळत नाही.

इंदिरानगर

कालपासून ऑफिसमध्ये बंद आहे ना, मग मिस्टरांच्या फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर मेल उघडा. उघडला, तर पासवर्ड बरोबर आहे आणि सर्व्हरने तुमच्या ऑफिसचा आयपी (इंटरनेट जोडणीचा नंबर) अडवलाय. लागोपाठ चुकीचा पासवर्ड गेला की होस्टिंगची फायरवॉल हल्ला समजते. म्हणून आता पासवर्ड टाकणं थांबवा, नाहीतर मुदत वाढत जाते. होस्टिंगला तिकीट टाका, ऑफिसच्या वायफायवरून ‘माय आयपी’ शोधून मिळालेला आकडा द्या आणि मोकळा करायला सांगा. त्याआधी कुठल्या मशीनमध्ये जुना पासवर्ड राहिलाय ते शोधा, नाहीतर सोडवल्यावर पाच मिनिटांत पुन्हा अडकेल. माझ्याकडे एकदा कोपऱ्यातला स्कॅनर दोषी निघाला होता. स्कॅन मेल करण्यासाठी त्यात तोच आयडी भरला होता आणि कुणाच्या लक्षातच नव्हतं.

आयफोनचं कारण वेगळं आहे. अकाउंट जोडताना आउटगोइंग सर्व्हरच्या यूजरनेम-पासवर्डच्या रकान्यात फिकट अक्षरांत ‘ऑप्शनल’ लिहिलेलं असतं. ते वाचून लोक रिकामं सोडतात. पण सर्व्हर ओळख पटल्याशिवाय मेल बाहेर पाठवत नाही, आणि नेमका हाच ‘रिलेइंग’चा मेसेज देतो. येणाऱ्या मेलसाठी भरलं तेच यूजरनेम, तोच पासवर्ड तिथेही भरा.

अँड्रॉइडवर जीमेल अ‍ॅपमध्ये ‘अदर’ निवडून ‘पर्सनल, आयमॅप’ घ्या. या अ‍ॅपमध्ये आणि आयफोनमध्ये असे मेल लगेच येत नाहीत, ठरावीक वेळाने तपासले जातात. आयफोनच्या मेलमध्ये ‘फेच’ 15 मिनिटांवर ठेवा. ‘ऑटोमॅटिकली’ ठेवलं तर चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच तो मागे मेल आणतो, बागेत नाही. जहाजाच्या कटऑफच्या (कागद-माल देण्याच्या शेवटच्या मुदतीच्या) दिवशी हाताने खाली ओढून रिफ्रेश करत जा. थंडरबर्ड मात्र सर्व्हरशी जोडलेलं राहतं, त्यात मेल लगेच दिसतो.

दिंडोरी_पॅकहाउस

दोघांचेही मनापासून आभार. मोबाइल डेटावर लगेच उघडला! तिकीट टाकलं, दीड तासात आयपी मोकळा झाला. जुना पासवर्ड सुपरवायझरच्या फोनमध्ये होता. तो बिचारा ऑफिसला डबा द्यायला आला की वायफायला जोडायचा आणि फोन आपोआप चुकीचा पासवर्ड पाठवत राहायचा. आयफोनचे दोन रकाने रिकामेच होते. भरले, मेल गेला.

पीएसटीची प्रत घेतली. आप्पा शेजारी बसून होते, त्यांना काळजी होती की त्यांनी फोल्डर करून ठेवलेले मेल जातील. त्यांनी प्रत्येक कंटेनरचं वेगळं फोल्डर केलंय, नंबर घालून. तशीच फोल्डरं आयमॅपमध्ये करून काल रात्री दोन महिन्यांचे मेल चढवले. सकाळी तीच माझ्या लॅपटॉपवर दिसली. आप्पांनी चष्मा लावून एकेक नंबर माझ्या स्क्रीनवर ताडून पाहिला.

एक राहिलं. खरेदीदार म्हणतो तुमचे मेल माझ्याकडे स्पॅममध्ये पडतात. त्यालाही अ‍ॅपमधलंच काही कारण?

पंचवटी_वेब

नाही ताई, ते अ‍ॅपमधलं नाही, डोमेनचं आहे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याचे नियम कडक केले, एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो ती यादी) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) हवंच. जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) जा आणि ‘व्ही=एसपीएफ1’ने सुरू होणाऱ्या टीएक्सटी ओळी मोजा. ती एकच असायला हवी. बऱ्याचदा डोमेन विकणाऱ्याने आधीच एक घातलेली असते, होस्टिंगवाला दुसरी घालतो, आणि दोन झाल्या की तपासणीच नापास होते. दोन्हींतला आवश्यक भाग एका ओळीत आणा. डीकिम सीपॅनलच्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’मध्ये मिळेल. डीएनएस दुसरीकडे असेल तर ती ओळ तिथे हाताने टाका.

मग त्या आयडीवरून स्वतःच्या जीमेलला मेल पाठवा आणि कॉम्प्युटरवर ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकिम यांच्यापुढे ‘पास’ दिसलं पाहिजे.

दिंडोरी_पॅकहाउस

दोन ओळी होत्या! एक केली, डीकिम टाकलं. दुपारी तपासलं तर एसपीएफ पास, डीकिम अजून दाखवत नव्हतं. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, दोन्ही पास. लगेच खरेदीदाराला पुढच्या कंटेनरची पॅकिंग लिस्ट पाठवली आणि इनबॉक्समध्ये आली का ते विचारलं. इनबॉक्समध्येच आहे असं उत्तर आलं. ते उत्तर आप्पांनी आउटलुकमध्ये माझ्याआधी वाचलं, आणि तरी ते माझ्या थंडरबर्डमध्येही आहे, मिस्टरांच्या फोनवरही.