'डगेरोटाइप'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. 'डगेरोटाइप'साठी, म्हणजे त्या काळच्या धातूच्या पत्र्यावरच्या फोटोसाठी, 'ताम्रपट' लिहिले, पण खटकते. 'धातुचित्र' चालेल?

उत्तर : 'ताम्रपट' नकोच. तो शब्द वाचला की राजाचे दानपत्र आठवते, आणि इथे कोरणे मुळीच नाही. पत्रा तांब्याचा खरा, पण त्यावर चांदीचा पातळ थर असे आणि चित्र त्या चांदीवर उमटे. चांदी आरशासारखी लख्ख घासायची, अंधारात तिला आयोडीनची वाफ द्यायची, मग पत्रा कॅमेऱ्यात. काही मिनिटांनी बाहेर काढला तरी त्यावर काहीच दिसत नसे. खालून पारा तापवला की त्याची वाफ जिथे उजेड पडला होता तिथेच धरे, पांढरट कण जमत आणि चेहरा हळूहळू वर येई. उरलेले आयोडाइड नंतर हायपो या रसायनाने काढून टाकत.

आपण रोल 'धुवायला' टाकायचो. इथे चित्र धुऊन नाही, धुरी दिल्याने दिसू लागते. म्हणून 'विकसित करणे' असे न लिहिता 'पाऱ्याची धुरी देणे' लिहा, क्रिया डोळ्यांपुढे येते.

'धातुचित्र' चूक नाही, पण फार ढोबळ आहे. निएप्स या फ्रेंच संशोधकाने १८२६-२७च्या सुमारास खिडकीबाहेरचे दृश्य टिपले तेही धातूवरच, मुख्यतः कथील असलेल्या पत्र्याला डांबर लावून. पुढे टिनटाइप हा फोटोचा प्रकार आला तोही धातूवरचाच. त्याला 'कथीलचित्र' मात्र म्हणू नका, कारण नावात टिन असले तरी पत्रा लोखंडाचा असे!

मी मूळ नावच ठेवेन. ते ही पद्धत शोधणाऱ्या लुई दागेर या माणसाचे नाव आहे, त्यामुळे 'दागेरोटाइप' हा उच्चार मला जवळचा वाटतो. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या शोधाची घोषणा झाली. पहिल्या उल्लेखाला 'चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे छायाचित्र' असा खुलासा जोडा.

प्रश्न : पण 'फोटो' म्हणजे प्रकाश. मग 'छाया' कशी? 'प्रकाशचित्र' नको का?

उत्तर : 'छाया' म्हणजे फक्त सावली नव्हे. संस्कृतात प्रतिबिंब आणि कांती हेही तिचे अर्थ आहेत, आणि दागेरोटाइपला ते जितके लागू पडतात तितके कागदावरच्या फोटोलाही पडत नाहीत. पत्रा हातात घेऊन जरा कलता केला की चित्र सुलट दिसते, थोडा आणखी कलला की काळ्याचे पांढरे होते, आणि मध्येच आपलाच चेहरा त्यात दिसतो. आरशाप्रमाणे डावे-उजवेही बहुधा उलटे. 'छायाचित्र' हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

एक सुधारणा मात्र जरूर करा. 'या दागेरोटाइपची प्रत संग्रहालयात आहे' असे लिहिले असेल तर 'प्रत' काढा. या पद्धतीत निगेटिव्हच नसे, त्यामुळे त्यावरून प्रती छापता येत नसत. संग्रहालयात असतो तो पत्रा म्हणजे त्या दिवशी त्या माणसासमोर कॅमेऱ्यात होता तोच.