पोलच्या टक्क्यांवरून जागा काढताना मॉडेल गंडतंय, मदत करा

लातूरकर_९९:
एमएससी स्टॅट्सला आहे, प्रोजेक्टला विधानसभा २०२४ घेतलीये. अडलंय ते टक्क्यांवरून जागा काढताना. लोकसभेला राज्यात मविआ आणि महायुतीच्या मतांत टक्क्याचाही फरक नव्हता तरी जागा ३० आणि १७, आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुती थेट २३० च्या घरात. मी लोकसभेचे विधानसभा मतदारसंघनिहाय आकडे घेतले, पोलप्रमाणे सरसकट स्विंग दिला (म्हणजे मतांचा टक्का सगळीकडे सारखाच हलवला), प्रत्येक जागेला थोडी रँडम एरर टाकली आणि १०,००० वेळा चालवलं. महायुती १६० ते १८५, बाहेर जायलाच तयार नाही. २३० एकदाही नाही!! कुठे शेण खातोय मी?

टपरीवरचा_चहा:
पोपटवाल्याकडे जा, तो एकाच चिठ्ठीत सांगतो, १०,००० वेळा काढायला लागत नाही 😂

घातांक:
एरर प्रत्येक जागेला सुटी-सुटी टाकलीस ना, तिथेच घोळ आहे. २८८ जागांत इकडे प्लस तिकडे मायनस होऊन फिट्टंफाट होतं म्हणून रेंज एवढीशी येते. पोलची चूक अशी नसते रे, सँपलमध्ये बायका कमी आल्या तर त्या अहेरीतही कमी आणि अक्कलकोटलाही कमी, सगळीकडे चूक एकाच बाजूला. दर रनला आधी अख्ख्या राज्याची एक एरर काढ, मग विदर्भ-मराठवाडा अशी विभागाची, मग जागेची. २०१६ ला अमेरिकेत निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्या सॅम वँगने क्लिंटनला ९९ टक्के चान्स दिला आणि नंतर पैजेपायी टीव्हीवर किडा खाल्ला बिचाऱ्याने, तसाच दुसरा अंदाजवाला नेट सिल्व्हर, त्याने राज्यांच्या चुका एकमेकींना बांधल्या होत्या तर त्याच्याकडे ट्रम्पला साधारण २९ टक्के होते. आणि जागानिहाय सर्व्हे म्हणशील तर १०० माणसांमागे दहा टक्के इकडे-तिकडे होतात, लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिम ४८ मतांनी गेली, ती कोण सांगणार डोंबल.

फिल्डवाला:
मला मॉडेल कळत नाही पण दोन निवडणुका टॅब घेऊन जालना-बीड साईडला हिंडलोय. दुपारी दार वाजवलं की बाई येते, मी प्रश्न विचारतो आणि आतून सासरा ओरडतो, लिव्हा आमचं समद्यांचं एकच. बाई काही बोलत नाही, पदर सावरते, आत जाते. मी ते बाईचं उत्तर म्हणून टिक करायचो, कोटा भरायचा असायचा ना संध्याकाळपर्यंत. आता लाडकी बहीणचे १५०० तिच्या खात्यात आले आणि तिने बटण कुठलं दाबलं ते त्या टिकमधून काय कळणार.

लातूरकर_९९:
@घातांक भाऊ राज्याची एरर टाकून परत चालवलं. आता बहुतेक वेळा ११५ ते २२५, आणि २३० च्या वर शंभरात दोन-तीनदा. पण ही रेंज दाखवली तर गाईड म्हणणार एवढं तर आमचा वॉचमनपण सांगेल.

फिल्डवाला:
मग सरांना विचार, २० नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः कितीचा आकडा सांगितला होता 😄