आर्सेनिकच्या पाण्यावरचं उन्हाळी धान बंद करावं का?

सुकन्या_कोलकाता
पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यातल्या एका गावात कामानिमित्त जाणं होतं. तिथल्या एका काकूंचे तळहात पाहिले. कातडी जाड, कडक, हाताला खडे लागावेत असे दाणे. छातीवर काळे-पांढरे ठिपके. जमिनीखालच्या पाण्यातून पोटात जाणाऱ्या आर्सेनिक या विषाची ही ओळखीची लक्षणं. घरी आता शुद्ध पाण्याचा नळ आहे. पण मागच्या शेतात अजूनही उथळ बोअरचंच पाणी जातं आणि तोच तांदूळ घरात शिजतो.

हिशोब करा. बोरो, म्हणजे तिकडच्या उन्हाळी धानाला सुमारे एक मीटर पाणी लागतं. हेक्टरी १ कोटी लिटर. लिटरला १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, तर एका हंगामात हेक्टरभर जमिनीत १ किलो विष ओतलं जातं. कोलकात्याच्या डॉ. क्षितीशचंद्र साहांनी १९८०च्या दशकात हे रुग्ण ओळखले, तेव्हापासून सगळी चर्चा पिण्याच्या पाण्याचीच चालली आहे. माझं मत स्पष्ट आहे: बाधित भागात बोअरवरचं बोरो बंद करा.

धानकरी_भंडारा
साफ असहमत. आमच्याकडेही उन्हाळी धान होतं, त्या पैशावर पोरांची फी भरली जाते. दोन बिघेवाल्याला 'बंद कर' म्हणणं फार सोपं आहे. सत्तरच्या दशकात पटकी-हगवणीनं मुलं दगावत होती म्हणून गावोगाव हापसे बसवले, खाली काय आहे ते न तपासता. आता पुन्हा वरून फर्मान? आधी प्रत्येक घरात चांगलं पाणी द्या. भाताचं नंतर बघू.

डॉ_मीरा
'नंतर बघू' हे मला डॉक्टर म्हणून पटत नाही. भारतात पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. तीन लिटर प्यायलात तर ३०. पॉलिश केलेल्या तांदळासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात त्या मर्यादेतला तांदूळही ८० मायक्रोग्रॅम घालतो. पाणी सुधारलं की ताटाचा वाटा मोठा होतो. त्वचा, फुप्फुस, मूत्राशयाचे कॅन्सर कित्येक वर्षांनी दिसतात, तोवर खाणं थांबत नाही. भरपूर स्वच्छ पाण्यात भात शिजवून पेज निथळली तर काही भाग निघून जातो, तेवढं तरी आजच करता येईल.

माती_आणि_मुळं
बंदी नको, पाण्याची पद्धत बदला. खाचरात पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि लोहाच्या ऑक्साइडला चिकटलेलं आर्सेनिक सुटं होतं. धानाचं मूळ ज्या वाटेनं सिलिकॉन घेतं, त्याच वाटेनं ते आत शिरतं. मधूनमधून खाचर सुकू दिलं तर दाण्यातलं प्रमाण उतरतं. फार सुकवलं तर मात्र कॅडमियम वाढण्याची भीती, म्हणून बेतानं. आणि सुकन्याताई, तो १ किलो सगळाच साठत नाही. पावसाळ्यात पुराचं पाणी चढतं तिथे काही वाहूनही जातं.

सुकन्या_कोलकाता
काही जातं, बाकी राहतं आणि पुढच्या हंगामात भर पडते. खाचर सुकवायचं म्हणता, पण तिथे बरेच छोटे शेतकरी पंपवाल्याकडून पाणी विकत घेतात, पैसे अख्ख्या हंगामाचे ठरलेले. पाणी कधी सोडायचं हे त्यांच्या हातात असतं का? म्हणूनच मी बंदीवर ठाम आहे. बोरोऐवजी मोहरी, मसूर घ्या. पाणी कमी लागतं आणि शेत तुंबवावं लागत नाही.

धानकरी_भंडारा
मोहरी घ्या, पण विकायची कुणाला? धान निदान घरात खाता येतं. डॉक्टरांचा हिशोब वाचून मी हललो, हे खरं. तरी क्रम सोडणार नाही. त्या गावांत मोहरी-मसुरीची हमीभावानं खरेदी आधी सुरू करा, नदीचं पाणी उपसून शेतापर्यंत आणा. एक हंगाम पैसे वेळेवर हातात पडू देत. त्याआधी बंदी आणलीत तर माझा विरोधच राहील.