आठ भोकांचं ‘अस्सल मिनीलाइट’ आणि लिंबाचा फेस

हेराल्डवाला_जळगाव

काल धुळ्याच्या नानांची जाहिरात आली: "१९६८ चे अस्सल मिनीलाइट मॅगव्हील, १३ इंची, चार नग. स्टँडर्ड हेराल्ड आणि ११८ एनई, दोन्हीला बसतात. शंका असेल त्याने लिंबू पिळून पाहावं. फेस आला म्हणजे मॅग्नेशियम, आणि मॅग्नेशियम म्हणजे अस्सल." मिनीलाइट म्हणजे इंग्लंडातली आठ स्पोकची जुनी नावाजलेली चाकं, आणि मॅगव्हील म्हणजे मूळ अर्थाने मॅग्नेशियमचं चाक. जाहिरातीखाली लगेच "नंबर द्या, नंबर द्या" सुरू झालं. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

नाना, तुमच्याबद्दल राग नाही. पण "दोन्हीला बसतात" हे तुम्ही मोठेपणाने लिहिलंय आणि मला तिथेच खोट दिसते. हेराल्ड मुळात इंग्लंडची ट्रायम्फ. तिचा पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, पावणेचार इंच, म्हणजे ९५.२५ मिलिमीटर. प्रीमियरची ११८ एनई मुळात फियाट १२४, तिचा ९८. फरक पावणेतीन मिलिमीटरचा. त्या काळात इंग्लंडात ट्रायम्फसाठी चाक ओतलं की त्याला ट्रायम्फची चार भोकं पाडत. मिनीसाठी ४ इंचावर, एमजीबीसाठी साडेचार इंचावर. तुमच्या फोटोत आठ भोकं स्पष्ट दिसतात. चार-चारची अशी दुहेरी भोकं आपल्या बाजारातल्या हल्लीच्या अलॉयला असतात, कारण दुकानदाराला एकच नग दहा गाड्यांना विकायचा असतो.

आता लिंबू. मॅग्नेशियमवर आंबट पडलं की बुडबुडे येतात हे खरं. पण कुठे पिळलंत? रंगावर पिळलं तर मॅग्नेशियमवरही काही होणार नाही. पुट्टीवर किंवा चुन्याच्या धुळीवर पिळलं तर चाक लाकडाचं असलं तरी फेस येईल. आणि मुख्य मुद्दा असा की मिनीलाइट स्वतः अॅल्युमिनियममध्येही निघत होतं. म्हणजे फेस आला नाही म्हणून नकली ठरत नाही, आला म्हणून अस्सल ठरत नाही.

खरेपण चाकाच्या पाठीवर असतं. ओतीव अक्षरं उठून आलेली हवीत, धातूचाच भाग असल्यासारखी. नंतर पंच मारलेली किंवा कोरलेली अक्षरं बोटाला खोल लागतात. कंपनीचं नाव, माप, मिनीलाइट बनवणाऱ्या टेक-डेलची खूण, हे सगळं मागे शोधायचं. आतल्या कडेला टायर जिथे बसतो तिथे हंप आहे का पाहायचं. तो उंचवटा ट्यूबलेस टायर जागेवर धरून ठेवायला असतो. जुन्या मॅग्नेशियमच्या चाकात बहुतेक ट्यूबच घालत, कारण ओतकामातून हवा झिरपायची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या भंगारातून चार 'अस्सल' उचलून आणली होती. वडील तेव्हा होते. त्यांनी चाक उलटं केलं, नखाने मागचा काळा रंग खरवडला, खाली गुळगुळीत चकचकीत नवं ओतकाम. काही बोलले नाहीत. चहाचा कप उचलून आत गेले. ते मला अजून बोचतं.

नाना, मागच्या बाजूचे फोटो टाका. एवढंच मागणं आहे.

नाना_धुळे

तुमच्या बापाने चाक उलटं केलं म्हणून सगळ्या खान्देशचा माल नकली झाला का? ही चाकं माझ्या मामांनी मुंबईहून आणलेली. मी तेव्हा शाळेत होतो, गोणपाटात बांधून बसच्या टपावरून आली. पंचवीस वर्षं जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे पडून होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तुम्ही फोटो पाहून निकाल देताय.

आणि एक ऐका. दोन-तीन पीसीडींना चालणारी चाकं जुनीसुद्धा असतात. अमेरिकेतल्या स्लॉट मॅगना लांबट भोकं असायची, युनिलग म्हणत. तेव्हा "जुन्यात असं नव्हतंच" हे तुमचं विधान चुकीचं आहे.

हेराल्डवाला_जळगाव

युनिलगचं मान्य. मी इंग्लिश चाकाबद्दल बोलत होतो, ते आधीच नीट लिहायला हवं होतं. पण युनिलगला लांबट खाच असते आणि तिच्यासाठी वेगळा वॉशर येतो. तुमच्या फोटोत गोल भोकं आहेत, आठ.

लेथवाला_भुसावळ

आठ भोकं म्हणजे नकली, हे कुठून काढलं भो? मी स्वतः भोकं पाडून देतो. जुनं भोक रीम करून मोठं करायचं, त्यात स्लीव्ह म्हणजे धातूची नळी ठोकायची, अर्गन वेल्डिंग मारायचं, वरचा भाग लेथवर सपाट करायचा, डिव्हायडिंग हेडवर अंश मोजून नवा पीसीडी टाकायचा. जुन्या गाडीवाल्यांना हव्या त्या मापाचं चाक कधीच मिळत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात. नानांच्या मामांनी कुणाकडून तरी हेच करून घेतलं असेल. चाक अस्सल, भोकं नंतरची. एवढी साधी गोष्ट आहे.

पारोळ्याची_टायरवाली

लेथवाले दादा, या साध्या गोष्टीवर मला बोलायचंय.

आमचं हायवेला टायरचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक मुलगा एरंडोलकडून आला. ९८ पीसीडीच्या गाडीवर १०० पीसीडीची अलॉय. एक मिलिमीटर इकडे, एक तिकडे, म्हणून बोल्ट तिरके ओढून बसवलेले. "ताई, ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करून द्या." मी चाक काढलं तर दोन बोल्टांचे शंकू एकाच बाजूने घासून चमकत होते. बाकी दोन बोटाने फिरले. बोटाने! मागच्या सीटवर त्याची आई आणि लहान बहीण बसलेली. मी त्याला जुन्या डिस्क, म्हणजे मूळची लोखंडी चाकं, चढवल्याशिवाय सोडलं नाही. भांडला, पैसे न देता गेला. जाऊ दे.

हा फरक डोळ्याला दिसत नाही. समोरासमोरच्या दोन भोकांचं माप घ्या, एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत. चार भोकांच्या चाकाला तोच पीसीडी. व्हर्नियर नसेल तर विकतही घेऊ नका आणि विकूही नका.

लेथवाला_भुसावळ

ताई, तुम्ही सांगितलं ते चुकीच्या बोल्टचं. तिथे व्हॉबल बोल्ट लागतात, त्यांचा शंकू सरकता असतो. माझं काम वेगळं आहे. मी पीसीडीच बदलतो, बोल्ट सरळ बसतो. गेल्या अठरा वर्षांत माझ्याकडचं एक चाक निघालेलं नाही.

पारोळ्याची_टायरवाली

निघालेलं चाक तुमच्याकडे परत येतं का दादा? ते आमच्याकडे येतं. किंवा सिव्हिलला.

लेथवाला_भुसावळ

हे फार झालं. मी रात्री बारापर्यंत मशीनवर उभा असतो, एका नगावर दीड तास घालवतो. तुमच्यासारखं नट आवळून "हो गया" म्हणत नाही. माझ्या कामाला खुनाशी जोडायची गरज नव्हती.

पारोळ्याची_टायरवाली

खून हा शब्द तुमचा आहे. मी एवढंच विचारते: ओतीव चाकाला अर्गन मारल्यावर त्या भागाची मूळ ताकद राहते का? कारखान्यात चाकाला उष्णता देऊन कडक केलेलं असतं, वेल्डिंगने तो कडकपणाच जातो. शिवाय दोन भोकांमध्ये किती धातू उरतो ते तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवता का?

लेथवाला_भुसावळ

भोकं ४५ अंशांनी फिरवून पाडली की भरपूर धातू उरतो. जुन्याच्या शेजारी कुणी पाडली असतील तर तो गाढवपणा. कडकपणाचं तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण सावकाश गाडी चालवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

तापीकाठ

तुमचं वेल्डिंग चालू द्या, माझा प्रश्न मुळाचा आहे. हेराल्डला ही असली चाकं हवीतच कशाला? कारखान्यातून लोखंडी डिस्क आणि चकचकीत कॅप लावून ती गाडी निघाली. लग्नाच्या वरातीत मी त्या कॅपमध्ये स्वतःचं तोंड पाहिलंय. आज जुनी गाडी दिसली की आधी कॅप भंगारात जातात, मग मॅगव्हील येतात, मग आम्हाला म्हणतात "क्लासिक". २०२१ च्या केंद्राच्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात जपलेली हवी असं त्यात लिहिलंय. मूळ रूप म्हणजे काय, याचा कुणी विचारच करत नाही.

हेराल्डवाला_जळगाव

काका, त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिनमधल्या मोठ्या बदलांचं म्हटलंय. चाकाचा उल्लेख नाही. आणि साठ-सत्तरच्या दशकात रॅलीला जाणाऱ्यांनी हीच चाकं गाडीवर चढवली, तोही त्या गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे. म्हणून तर नकलीचा एवढा राग येतो. पण कॅप जपायला हव्यात, यात वाद नाही. माझ्या चारही पेटीत गुंडाळून ठेवल्या आहेत.

तापीकाठ

पेटीत ठेवून काय उपयोग. गाडीवर लावा.

सराफबाजार

मी गाड्यांतला नाही, पण धातूचं रोजचं काम आहे, म्हणून बोलतो. लिंबू-बिंबू सोडा. आमच्याकडे हॉलमार्क असलेला दागिनासुद्धा लोक "कस लावून बघा" म्हणून पुढे करतात, एवढा अविश्वास झालाय. पूर्वी आजी आली की वडील नुसतं हातात घेऊन सांगायचे आणि ती मान डोलवायची. असो.

तुमच्या कामाला पाण्यातलं वजन पुरेल. टायर, व्हॉल्व्ह, वजनाच्या पट्ट्या, सगळं काढा. चाक कोरडं तोला. मग दोरीने काट्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवा, बुडबुडे हाताने पुसून काढा, पुन्हा तोला. कोरड्या वजनाला वजनातल्या घटीने भागायचं. अॅल्युमिनियम असेल तर २.७ च्या आसपास उत्तर येईल, मॅग्नेशियम असेल तर १.८ च्या आसपास. एवढा मोठा फरक घरगुती काट्यावरही लपत नाही. सोन्यात आम्हाला टंगस्टन फसवतं, त्याची घनता जवळपास सोन्याएवढीच. तुमच्यात तशी भानगड नाही.

लेथवाला_भुसावळ

हे बरोबर सांगितलं. आणि कुणीही मॅग्नेशियम आहे का बघायला ग्राइंडर लावू नका. त्याचा बारीक कीस पेटला की पाणी मारून विझत नाही, उलट भडकतो. कोरडी वाळू टाकायची. माझ्याकडे मशीनखाली वाळूची बादली कायम असते.

नाना_धुळे

ठीक आहे. माझ्यावर विश्वास नाही ना, करतो. गुरांच्या हौदात बुडवतो, कापसाचा काटा आहेच.

नाना_धुळे

केलं. पोराने आणि मी, दोनदा.
कोरडं ५ किलो ४००. पाण्यात ३ किलो ४००.

सराफबाजार

घट २ किलो. उत्तर २.७. अॅल्युमिनियम.

नाना_धुळे

मला भागाकार येतो.

मग रागाने पाठीचा रंग पण काढला, थिनर आणि पॉलिश पेपरने. स्पोकच्या मागे 'जेडब्ल्यूएल' अशी अक्षरं आहेत, उठावाची. शेजारी छोटं वर्तुळ आहे आणि त्यात ठिपके. मिनीलाइट किंवा टेक-डेल कुठेही नाही. आतल्या कडेला उंचवटा आहे, दोन्ही बाजूंना.

हेराल्डवाला_जळगाव

जेडब्ल्यूएल हे जपानी मानक. १९६८ च्या इंग्लिश चाकावर त्याचं काही काम नाही. ठिपक्यांचं वर्तुळ ओतल्याचा महिना-वर्ष दाखवायला असतं. मधे दोन आकडे असतील तर ते वर्ष. फोटो जवळून द्या.

आणि नाना, जपानी असेल तर ते टाकाऊ ठरत नाही. आठ स्पोकची चाकं वातानाबे, पॅनास्पोर्ट अशा जपानी कंपन्यांनीही केली आणि त्यांना आज स्वतःची किंमत आहे. पण तेही नाव मागे असायला हवं. नुसत्या जेडब्ल्यूएलवरून जपानी म्हणता येणार नाही, इतर देशांतले कारखानेही ती खूण घालतात.

नाना_धुळे

मधले आकडे घासले गेलेत. नाव नाही.

मामांनी आणली हे खरं आहे. कधी आणली, यात माझी गफलत असेल, मी धाकटा होतो. मामांना कुणीतरी मिनीलाइट म्हणून विकली आणि मी तेच पुढे बोललो. जाहिरातीतून 'मॅग्नेशियम', '१९६८' आणि 'अस्सल' तिन्ही काढले. 'मॅगव्हील' राहू देतो, ते आपल्याकडे सगळ्याच अलॉयला म्हणतात.

आणखी एक. रंग काढल्यावर एका नगाला दोन भोकांच्या मधे केसासारखी रेघ दिसतेय. नखाला लागते. फोटो टाकलाय. ताई, बघा.

पारोळ्याची_टायरवाली

तडा आहे नाना. त्याच्यावर टायर चढवू नका, हवा तर अजिबात भरू नका. स्टेपनीला पण नको. बाकीच्या तिघांनाही असाच रंग काढून भोकांभोवती बघा.

लेथवाला_भुसावळ

फोटो पाहिला. तडाच आहे. दुसरी चार भोकं पहिल्यांना खेटून पाडलीत, मधे धातू उरलाच नाही. ही भोकं माझी नाहीत. स्लीव्हच्या कामावर मी अजून ठाम आहे. पण अशी खेटून पाडलेली आठ भोकं दिसली तर चाक घेऊ नये, हे ताईंचं बरोबर.

नाना_धुळे

तीन नग उरले, तेही तपासल्याशिवाय देणार नाही. चौथा करवतीने मधोमध कापून भंगारात घातला, म्हणजे दुसऱ्या कुणी रंग मारून विकायला नको. पैसे पाठवले होते त्या शहाद्याच्या भावाला परत केले.