परदेशी कॉमेडी आपल्याकडे आणताना नेमकं काय बिघडतं?

राजवाडा_इंदूर: ब्रिटिश 'द ऑफिस' (२००१, एका ऑफिसातल्या चीड आणणाऱ्या बॉसवरची कॉमेडी मालिका) आणि त्याचं अमेरिकन रूप (२००५) दोन्ही पाहिले, दोन्ही आवडले, पण २०१९ ला हॉटस्टारवर आलेलं हिंदी ऑफिस, तो फरीदाबादवाला, दोन-तीन एपिसोडनंतर सोडून दिला. कॉपी तर नीट केलेली, मग हसू का नाही येत?

स्नेहलता_सुदामानगर: अरे कॉपी नीट केली हाच तर प्रॉब्लेम ना! अमेरिकनांचा पहिला एपिसोडही जवळपास ब्रिटिश स्क्रिप्टवरच होता, दुसऱ्या सीझनपासून त्यांनी बॉसला थोडा मायाळू केला, नुसता चीड आणणारा माणूस इतके सीझन कोण बघणार, आणि मग शो २०१३ पर्यंत चालला. ब्रिटिशांनी मात्र थोडक्यात आटपलं. आपल्याकडे ऑफिसात बॉसला तोंडावर कोणी बोलत नाही, सगळं चहाच्या टपरीवर निघतं, ते दाखवायला हवं होतं.

पलासिया_काका: 'जी मंत्रीजी' विसरलात का बेटा? मंत्री आणि सचिवावरच्या ब्रिटिश कॉमेडी 'येस मिनिस्टर'चं हिंदी, २००१, स्टार प्लसवर, फारूख शेख मंत्री. मला तरी फार आवडायचं, कारण आपली सचिवालयाची पद्धत इंग्रजांकडूनच आलेली, मंत्री येतो-जातो, सचिव खुर्चीला चिकटून, फाइल फिरतच राहते.

राजवाडा_इंदूर: काका हे पटलं. आणि क्विझला असा त्रासच नाही, केबीसीचा परदेशी फॉर्म्युला मराठीतही सचिन खेडेकरांनी मस्त चालवला. 'जी मंत्रीजी' कुठे बघायला मिळेल?