मदत हवी आहे: टनेलिंग शिकवताना ‘कण ऊर्जा उधार घेतो’ असं सांगावं का?

नमस्कार मंडळी,

नाशिकरोडला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. अल्फा क्षय (अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडणं) आला की टनेलिंगचा, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यापलीकडे पोचण्याचा, विषय निघतोच. मुलं व्हिडिओ बघून येतात आणि तिथलं ठरलेलं वाक्य ऐकवतात: अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे कण क्षणभर ऊर्जा उधार घेतो, अडथळा ओलांडतो आणि परतफेड करतो. यंदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, पण उधार देतं कोण?”

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मला ते वाक्य मुळातच पटत नाही. थोरियम-232 मधून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे 4 एमईव्ही (अणुकेंद्राच्या पातळीवर वापरायचं ऊर्जेचं एकक), अणुकेंद्राभोवतीच्या अडथळ्याचा माथा त्याच्या कित्येक पट उंच. तरी कण त्या 4 एमईव्हीनिशीच बाहेर येतो. याच थोरियमच्या साखळीत पुढे पोलोनियम-212 येतं, त्याचा अल्फा 8.8 एमईव्हीचा. ऊर्जा दुपटीहून थोडी जास्त, पण अर्धायुष्य 1,400 कोटी वर्षांवरून थेट सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट! 1928 मध्ये गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने, आणि स्वतंत्रपणे गर्नी-कॉन्डन या जोडीने, ही प्रचंड तफावत टनेलिंगने उलगडून दाखवली. उधारीच्या गोष्टीतून हा फरक कसा निघणार?

म्हणून मी असं सांगायचं म्हणते: कणाच्या संवेगावरून त्याची तरंगलांबी देणारं डी ब्रॉग्लीचं सूत्र मुलांना येतं. अडथळ्याच्या आत संवेगाचा वर्ग ऋण येतो, त्यामुळे तरंग तिथे हेलकावत नाही, विरत जातो. जाडी थोडी वाढली तरी पलीकडे उरणारा भाग कित्येक पटींनी घटतो. एकूण ऊर्जा कुठेच बदलत नाही. सुईच्या टोकाने पृष्ठभागावरचे अणू टिपणाऱ्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्येही हेच: टोक आणि पृष्ठभागातलं अंतर एका अँगस्ट्रॉमने वाढलं की प्रवाह साधारण दहापट कमी. बारावीला एवढं पुरे का, की यातही काही निसटतंय?

सूर्याबद्दलही विचारायचं आहे. गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन असूनही प्रोटॉन जवळ यायला टनेलिंग लागतं, हे ठीक. पण ‘टनेलिंगमुळेच सूर्य हळू जळतो’ असं सर्रास म्हणतात. दोन प्रोटॉन जोडले जाण्याच्या पहिल्या पायरीवर एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, ते क्षीण बलाचं (निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एकाचं) काम आणि ते फारच क्वचित घडतं. संथपणाचं श्रेय जास्त त्याला द्यायला हवं ना?

आता प्रात्यक्षिक. पाण्याने भरलेला काचेचा ग्लास हातात धरून वरून तिरकं पाहिलं की बाजूची काच चंदेरी दिसते, मागची बोटं दिसतच नाहीत, कारण प्रकाशाचं तिथे पूर्ण परावर्तन होतं. ओलसर बोट दाबलं की फक्त ठशाच्या रेषा उमटतात, मधल्या खाचा चंदेरीच राहतात. मुलांना हे फार आवडतं. पण रेषा काचेला टेकल्या की तिथे हवेची फटच उरत नाही, मग याला टनेलिंगचा नमुना म्हणणं मला खटकतं. खरा प्रयोग दोन प्रिझममध्ये बारीक फट ठेवून करायचा: पूर्ण परावर्तन होत असतानाही फटीत विरत जाणारा तरंग थोडासा पलीकडच्या प्रिझममध्ये पोचतो, कण अडथळ्यातून पोचतो तसाच. जगदीशचंद्र बोस यांनी 1897 मध्ये विद्युत तरंगांवर हवेच्या फटीची जाडी बदलत नेमका हाच अभ्यास केला होता.

तेव्हा नाशिकमधल्या इंजिनिअरिंगवाल्यांना विनंती: तुमच्या लॅबमध्ये 3 सेंटिमीटरचा मायक्रोवेव्ह बेंच चालू स्थितीत आहे का? मेणाचे प्रिझम आम्ही ओतून आणू. बारावीची मुलं एखाद्या शनिवारी दुपारी आली तर चालेल का, आणि परवानगी कोणाकडे मागायची?